बिल्ला, कमिशन आणि ‘आपला धंदा’



फेडरेशनच्या कामासाठी मध्यंतरी कलकत्त्याला जाणे झाले. २००१ पासून या शहराचे नाव कोलकाता झाले आहे, पण चाळीस वर्षे टपालाच्या थैल्यांवर कलकत्ता वाचलेल्या माणसाच्या तोंडून कलकत्ताच निघते, त्याला इलाज नाही. नागपूरहून गीतांजलीने गेलो. ही गाडी १९७७ साली आपल्या मधु दंडवत्यांनी रेल्वेमंत्री असताना सुरू केली. एकाच वर्गाची गाडी, त्यात साहेबाचा डबा वेगळा नाही. आता ती तशी राहिलेली नाही, वातानुकूलित डबे केव्हाच लागले. असो.

हावड्याला उतरलो तेव्हा बरोबर बैठकीच्या अहवालांचे दोन गठ्ठे होते आणि गुडघे साथ देत नव्हते. हमाल केला. लाल सदरा, दंडाला पितळी बिल्ला, वय साठीच्या पुढे. मूळचा बिहारचा. एवढ्या मोठ्या, तेवीस फलाटांच्या स्टेशनात तो गर्दीतून असा वाट काढत होता की मी रिकाम्या हाताने मागे पडत होतो. चालता चालता मी आपल्या सवयीने विचारले, युनियन आहे का, खाते काही देते का. तो थांबला, आणि जरा ताठ होऊन म्हणाला, ‘‘बाबूजी, हम किसी के नौकर नहीं हैं. अपना धंधा है.’’ मला त्याचे बोलणे आवडले. पुढे टॅक्सीच्या रांगेपाशी गठ्ठे उतरवल्यावर मुलाबाळांची चौकशी केली. धाकटा मुलगा बारावी झाला आहे म्हणाला. त्यालाही हाच बिल्ला देणार का, असे विचारल्यावर त्याने हातानेच ‘नाही’ म्हटले. मुलाला नोकरी हवी, आणि तीही रेल्वेची.

माणूस खोटे बोलत नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. कोणाच्या हाताखाली नसल्याचा अभिमान खरा, आणि तो अभिमान मुलाच्या गळ्यात बांधायची इच्छा नाही हेही खरे. ‘स्वतंत्र व्यवसाय’, ‘स्वतःचे मालक व्हा’, ‘नोकरी मागणारे नव्हे, देणारे व्हा’ असा उपदेश हल्ली जिकडे तिकडे ऐकू येतो. तो ऐकताना आपण कायम नोकरीवाले आणि आपले पेन्शनर एक तर हसतो, नाही तर आपल्या पोरांना तोच ऐकवतो. या प्रश्नाकडे कामगार चळवळीने नीट पाहिलेले नाही, असे माझे मत आहे. ते थोडे सविस्तर मांडतो.

प्रथम स्वतंत्र म्हणजे काय ते पाहू. त्याच कलकत्त्यात उच्च न्यायालयाच्या आवारात काळे कोट घालून वावरणारा वकीलही कोणाचा नोकर नाही. पण आपली फी तो स्वतः सांगतो. कोणते अशील घ्यायचे, कोणते नाकारायचे ते तो ठरवतो. त्याची सनद बार कौन्सिलकडे असते, आणि ते कौन्सिल त्याच्याच व्यवसायातल्या लोकांनी निवडून दिलेले असते. आजारी पडला तर कनिष्ठ वकील तारीख मागून घेतो. याला म्हणावे स्वतंत्र व्यवसाय. आता आपला हमाल पाहा. किती वजनाला किती पैसे, तो दर रेल्वे ठरवते आणि फलकावर लावते. परवाना रेल्वेचा, तो काढून घेण्याचा अधिकार रेल्वेचा, गणवेश रेल्वेने सांगितलेला. परवान्याची फी मात्र हमालाने भरायची. मजुरी प्रवाशाने द्यायची, रेल्वेने एक पैसाही नाही. पास आणि सवलतीची तिकिटे वगैरे काही सोयी मिळतात, पण पगार नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, निवृत्तिवेतन नाही. म्हणजे शिस्त नोकराची आणि जोखीम मालकाची. मालक असण्यातला जो नफा, तो तेवढा कुठे दिसत नाही.

या बिल्ल्याला एक गोष्ट मात्र आहे, ती नाकारू नये. म्हातारपणी तो मुलाच्या किंवा जवळच्या नातेवाईकाच्या नावावर करता येतो. त्यामुळे हमालाला तो शेताच्या तुकड्यासारखा वाटतो. पण या शेतात आता पीक कमी येते. सूटकेसला चाके लागली तेव्हापासून धंदा बसत चालला, आणि सरकते जिने व बॅटरीवरच्या गाड्या आल्यावर आणखी बसला. चाके लावायला कोणाचा विरोध नाही. बायामाणसांचे, म्हाताऱ्यांचे कष्ट वाचले. पण कारखान्यात नवे यंत्र आले की आपण कामगारांच्या पुनर्वसनाची मागणी करतो. इथे मागणी कोणाकडे करणार? मालकच नाही.

मालक नाही असे म्हणताना एक फरक लक्षात ठेवला पाहिजे. स्टेशनवर पार्सलची चढउतार करणाऱ्या हमालांना कंत्राटदार होता, आणि त्याच्यामागे रेल्वे होती. म्हणून त्यांची संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊ शकली, आणि १९९५ साली न्यायालयाने त्यांना कायम करण्याबाबत रेल्वेला आदेश दिले. प्रवाशाचे सामान उचलणाऱ्याला तो रस्ताही नव्हता. २००८ च्या रेल्वे अर्थसंकल्पात लालूप्रसादांनी परवानाधारक हमालांना गँगमन आणि इतर ‘ड’ वर्गाच्या जागांवर घेण्याची घोषणा केली. अनेकजण घेतले गेले. ज्यांना ‘अपना धंधा’ होता त्यांनी त्या जागांसाठी किती धावपळ केली, हे स्टेशनवर काम करणाऱ्या आपल्या भावांनी डोळ्यांनी पाहिले आहे. वयात किंवा शरीराच्या तपासणीत न बसणारे मागे राहिले. २०१६ च्या अर्थसंकल्पात त्यांना नवे नाव मिळाले, ‘सहायक’. नाव बदलायला पैसे पडत नाहीत.

आता पोस्टातल्या मंडळींनी रेल्वेकडे बोट दाखवून समाधान मानू नये. मी पोस्टातला आहे, म्हणून आपल्या घरचे बोलतो.

आपल्या काउंटरवर आरडीच्या याद्या आणि पासबुकांचे गठ्ठे घेऊन येणाऱ्या बाया तुम्ही रोज पाहता. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना १९७२ सालची. या एजंट बायांनी घरोघरी, चाळीचाळींतून दहा-वीस रुपये गोळा करून देशाच्या योजनांना पैसा पुरवला. त्यांना कमिशन चार टक्के. याशिवाय प्रमाणपत्रे आणि मुदत ठेवी आणणारे इतर एजंट असतात. या सगळ्या कामाचा कारभार पाहणाऱ्या राष्ट्रीय बचत संस्थेचे मुख्यालय वर्षानुवर्षे आपल्या नागपूरला होते, त्यामुळे आम्हा विदर्भातल्या लोकांना हे खाते तसे घरचे. आणि अल्पबचतीत देशात सतत पुढे असलेले राज्य म्हणजे पश्चिम बंगाल. बंगाली मध्यमवर्ग आणि कष्टकरी दोघांचाही पोस्टावर भरवसा, आणि तो भरवसा दारापर्यंत नेणारा माणूस म्हणजे एजंट.

हा एजंट सरकारचा नोकर नाही. कायद्याने तो स्वतंत्र. पण त्याचा दर दिल्लीत ठरतो. श्यामला गोपीनाथ समितीच्या अहवालानंतर सरकारने १ डिसेंबर २०११ पासून प्रमाणपत्रे आणि मुदत ठेवींवरचे एक टक्का कमिशन अर्ध्यावर आणले. पीपीएफ आणि ज्येष्ठ नागरिक योजनेवरचे कमिशन पूर्ण बंद केले. किसान विकास पत्र त्याच दिवशी बंद झाले (ते पुढे २०१४ मध्ये पुन्हा आले). ज्याचे उत्पन्न असे एका दिवसात निम्मे झाले, त्याला कोणी नोटीस दिली नाही, कोणी वाटाघाटीला बोलावले नाही. आपला महागाई भत्ता एक हप्ता लांबला तरी आपण गेटसभा घेतो. याच्यासाठी गेट कुठले?

बंगालमध्ये याच काळात खाजगी ठेवी गोळा करणाऱ्या कंपन्या गावोगाव फिरत होत्या. शारदा ही त्यांतली सर्वात गाजलेली, कचेरी कलकत्त्यातच. पोस्टाच्या कितीतरी पट कमिशन त्या देत होत्या. त्यांना हवा होता तो नेमका हाच माणूस: ज्याला पाड्यातले प्रत्येक घर ओळखते, ज्याच्या हातात लोक पावतीशिवायही पैसे ठेवतात. एप्रिल २०१३ मध्ये शारदा कोसळली. मालक काश्मीरमध्ये पकडला गेला. राज्य सरकारने न्यायमूर्ती श्यामल सेन आयोग नेमला, पाचशे कोटींच्या मदत निधीची घोषणा केली, पुढल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. हे सारे वर्तमानपत्रांतून आपण वाचले. पण ठेवीदार आपल्या पैशांसाठी कोणाच्या दारात गेले? कंपनीच्या दारात नव्हे, ते बंद होते. ते एजंटाच्या दारात गेले. तो शेजारी होता, मेव्हणा होता, शाळेत बरोबर शिकलेला होता. कित्येक एजंटांना गाव सोडावे लागले, काहींनी जीव दिला. त्यांचे स्वतःचे आणि बायकोच्या माहेरचे पैसेही त्यातच होते.

कमिशन कापले म्हणूनच शारदा फोफावली असे मी म्हणणार नाही. लोभ होता, राजकारण होता तो वेगळाच विषय आहे, आणि व्याजदरही घसरले होते. पण ज्याच्या पाठीशी कोणतीही संस्था उभी नाही असा ‘स्वतंत्र’ माणूस कोणीही वापरून घेऊ शकतो, हे तिथे दिसले. नफा झाला तेव्हा तो कंपनीचा प्रतिनिधी होता, बुडाली तेव्हा मात्र तो एकटा होता.

इथे आपली एक चूक कबूल करतो. मी काउंटरवर होतो तेव्हा एजंटची यादी म्हणजे डोक्याला ताप वाटे. दुपारी दोनला शंभर पासबुके पुढ्यात आली की तोंडातून बरे शब्द निघत नसत. संगणक बंद पडला की एजंटला उद्या यायला सांगायचे, आणि त्याची मुदत चुकली तर तो त्याचा प्रश्न. आमच्या शाखेच्या एकाही ठरावात या लोकांचा उल्लेख आल्याचे मला आठवत नाही. आम्ही कायम, ते कमिशनवाले, अशी रेघ होती, आणि ती खात्याने आखली तशी आम्हीही गिरवली.

रेघ किती कच्ची आहे हे मात्र आपल्याच खात्याने आपल्याला दाखवलेले आहे. खेड्यातला शाखा डाकपाल, पूर्वीचा ‘अतिरिक्त विभागीय’ आणि २००१ पासूनचा ग्रामीण डाक सेवक, याच्याबाबत खात्याची भूमिका काय होती? याला उपजीविकेचे दुसरे साधन आहे, पोस्टाचे काम हा जोडधंदा. दुसरे उत्पन्न असलेच पाहिजे, ही नेमणुकीची अटच. कचेरीला जागाही त्यानेच द्यायची. १९७७ साली राजम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा एजंट नव्हे, हा नागरी पद धारण करणारा माणूस आहे, त्याला सुनावणीशिवाय काढता येणार नाही. त्या निकालाने त्याला पगारश्रेणी मिळाली नाही, तो लढा तलवार समितीपासून कमलेश चंद्र समितीपर्यंत चालत आला. पण ‘एजंट’ या शब्दाआड खाते लपू शकले नाही, हे महत्त्वाचे. ग्रामीण डाक सेवकाला संघटनेत घ्यावे की नाही यावरही एके काळी आपल्यात वाद झालेच होते.

न्यायालयांनी तसे फार आधीपासून हे ओळखले आहे. सौराष्ट्रातल्या मिठागरांतले आगरिया हंगामी काम करत, मणामागे पैसे घेत, बरोबर घरची माणसे राबवत. धरांगध्रा केमिकल कंपनी म्हणाली, हे कंत्राटदार आहेत. पन्नासच्या दशकातच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, स्वतःच्या अंगाने राबतात आणि कामावर देखरेख कंपनीची आहे, म्हणून हे कामगार. १९७३ मध्ये सिकंदराबादच्या एका शिवणकामाच्या दुकानातल्या नगावर शिवणाऱ्या शिंप्यांबद्दलही असाच निकाल लागला. कायद्याची नजर शाबूत होती. दुर्दैवाने नव्या काळातला मालक दुकानात बसत नाही, तो मोबाइलमध्ये बसतो.

कलकत्त्यात संध्याकाळी गरियाहाटला गेलो होतो. १९९६ च्या नोव्हेंबरात इथल्याच फेरीवाल्यांवर ‘ऑपरेशन सनशाइन’ चालवून पदपथ मोकळे केले होते. तेही डाव्या सरकारच्या राजवटीत, हे आपण विसरू नये. फेरीवाले संघटित झाले, झगडले, आणि आजही तिथेच आहेत. त्यांच्या टपऱ्यांपुढे मोटारसायकली लावून पाठीवर चौकोनी पेट्या घेतलेली पोरे बसलेली होती. त्यांना कंपनी ‘पार्टनर’ म्हणते. गाडी पोराची, पेट्रोल पोराचे, पाय मोडला तर पायही पोराचा. एका खेपेला किती मिळणार ते फोन सांगतो, आणि उद्या तो आकडा बदलला तर कोणाला विचारायचे हे माहीत नाही. गिऱ्हाइकाने वाईट शेरा दिला तर आयडी बंद. हा पार्टनर हमालापेक्षाही एका बाबतीत गरीब आहे: हमालाच्या दराचा फलक निदान स्टेशनवर सर्वांना दिसतो.

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने अशा कामगारांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख धरली होती. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उबरच्या चालकांना किमान वेतन आणि पगारी रजेचा हक्क असलेले ‘वर्कर’ ठरवले. आपल्याकडे सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात गिग कामगाराची व्याख्या आहे. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणी द्यायची, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नाही. चार संहितांवर आपल्या फेडरेशनने जी टीका केली आहे तिच्याशी मी सहमत आहे. पण या कलमाबद्दल मला एक वेगळी तक्रार आहे. ते या पोरांना नेहमीच्या मालक-नोकर नात्याच्या बाहेरचा म्हणूनच ओळखते. म्हणजे विमा मिळेल कदाचित, पण दराबद्दल बोलायचा हक्क नाही.

आणि इथे महाराष्ट्राला सांगण्यासारखे काही आहे. मस्जिद बंदर आणि भायखळ्याच्या बाजारात गोणी उचलणारा माथाडी आज एका व्यापाऱ्याकडे, उद्या दुसऱ्याकडे. त्यालाही मालक नव्हता, आणि त्यालाही लोक ‘स्वतंत्र’ म्हणत. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. मालक एक नसेल तर सगळे व्यापारी आणि सगळे हमाल एका मंडळाकडे नोंदवा, हा त्यातला साधा हिशेब. मजुरी आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही मंडळात भरायची. मंडळ हमालाला मजुरी देते आणि भविष्य निर्वाह निधी, उपदान, रजा, बोनस त्या लेव्हीतून सांभाळते. टोळी कायम राहते, मुकादम टोळीचाच. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू झाली. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणारे पुढे निघाले हेही खरे, आणि त्यांनी चळवळीचे फार नुकसान केले. पण त्यामुळे मूळ कल्पना चुकीची ठरत नाही.

अहमदाबादला १९७२ मध्ये इला भट्ट ‘सेवा’ची नोंदणी करायला गेल्या तेव्हाही निबंधक कचेरीचा पहिला आक्षेप हाच होता: या बायांना मालकच नाही, मग युनियन कोणाविरुद्ध? नोंदणी अखेर झाली. युनियन कोणाच्या तरी विरुद्धच असावी लागते असे नाही, ती कोणाच्या तरी बाजूने असली तरी पुरते.

माझे हे म्हणणे कलकत्त्याच्या बैठकीत मांडल्यावर एका जुन्या सहकाऱ्याने विरोध केला. तो म्हणाला, ‘‘दादा, आपल्याच जागा रिकाम्या पडल्यात, भरती नाही, नवी पेन्शन डोक्यावर आहे. घरात आग लागली असताना शेजारच्याचे छप्पर कशाला शाकारायचे?’’ त्याचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. वर्गणी आपण भरतो, खटले आपण लढतो. पण त्या आगीचे लाकूड कुठून येते तेही पाहिले पाहिजे. स्टेशनवरची कामे, पार्सल, साफसफाई, उद्या टपालाची वाटणीसुद्धा, ज्याच्या नावाने बाहेर जाते तो हाच ‘स्वतंत्र’ माणूस आहे. तो जितका स्वस्त आणि एकटा, तितके आपले पद सोडून देणे प्रशासनाला सोपे.

शिवाय आपल्यावर एक जुने देणे आहे. जुलै १९४६ मध्ये पोस्टमन आणि खालच्या श्रेणीतल्या टपाल कामगारांचा संप झाला, तेव्हा २९ जुलैला कलकत्त्यात त्यांच्या पाठिंब्यासाठी सार्वत्रिक संप झाला. ट्राम थांबल्या, कारखाने थांबले. त्या कामगारांचा टपाल खात्याशी सेवेचा काही संबंध नव्हता. त्यांनी विचारले नाही की पोस्टमन आमचा सभासद आहे का.

आपल्याला करता येण्यासारखे फार अवघड नाही. प्रत्येक मोठ्या स्टेशनच्या शाखेने परवानाधारक हमालांची यादी करावी आणि त्यांचा दर व सामाजिक सुरक्षा हा विषय विभागीय वाटाघाटींच्या कार्यक्रमपत्रिकेवर घालावा. रेल्वेचा परवाना आहे, तर माथाडीच्या धर्तीवर रेल्वेचे मंडळ का नको, हा प्रश्न तिथे विचारावा. पोस्टाच्या शाखांनी अल्पबचत एजंटांना सहयोगी सभासद म्हणून घेण्याची घटनेत तरतूद करावी, आणि कमिशन बदलण्यापूर्वी त्यांच्या प्रतिनिधींशी बोलणी झाली पाहिजेत अशी मागणी वर पाठवावी. शहरातल्या शाखांनी आपली कचेरी आठवड्यातून एक संध्याकाळ डिलिव्हरीच्या पोरांना उघडी ठेवावी. त्यांना बसायला जागा नसते, आणि आपली कचेरी सहानंतर रिकामीच असते. आमच्या शाखेच्या पुढच्या सर्वसाधारण सभेसाठी या आशयाचा ठराव मी लेखी दिला आहे. अनुमोदक अजून मिळायचा आहे.